उंदराची साक्ष आणि माणसाचे पोट

माझे भांडण तीन शब्दांशी आहे : 'प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध'. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची पत्रके आताशा आमच्या बेळगावात वर्तमानपत्राच्या घडीतून पडतात. एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी. भाषा बदलली तरी हे तीन शब्द बदलत नाहीत. शिबिरात व्याख्याते उभे राहतात, पडद्यावर पांढऱ्या उंदराचे चित्र येते आणि सभागृह गप्प होते. विज्ञान बोलले, आता आपण काय बोलणार! कोणता प्राणी, कशाची कशाशी तुलना, किती आठवडे, हे कोणी विचारत नाही. मी एकदा विचारले, तर 'सर, ते जरा तांत्रिक आहे' असे उत्तर मिळाले. तीस वर्षे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला उंदीर तांत्रिक म्हणून नाकारला गेला, याची आधी मौज वाटली. राग नंतर आला.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. अतिलठ्ठ माणसाचे वजन ती उतरवते, अनेकांचा मधुमेहही आटोक्यात आणते, हे माणसांवरील चाचण्यांनीच दाखवले आहे. मुख्य तंत्रे दोन. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा बराचसा भाग कापून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. आतड्याला हात लावत नाहीत. 'बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न उरलेले जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून जाते. दोहोंत माझ्यासाठी बरे कोणते, हा रोग्याचा प्रश्न. ही तंत्रे मुळात काम का करतात, हा संशोधकाचा. प्राण्यांवरचे प्रयोग मुख्यतः दुसऱ्या प्रश्नासाठी असतात आणि पत्रकवाले त्यांचे उत्तर पहिल्या प्रश्नाखाली छापतात.

हा दुसरा प्रश्न काही किरकोळ नव्हे. शस्त्रक्रियेनंतर माणूस कमी खातो, वजन घटते, साखर उतरते. मग साखर कशाने उतरली? वजन घटल्याने, कमी खाल्ल्याने, की आतड्याची वाट बदलल्याने? माणसांत हा गुंता सोडवणे कठीण, कारण त्यासाठी काही जणांचे पोट नुसतेच उघडून पुन्हा शिवावे लागेल. उंदरांत तसे करतात. एका गटावर खरी शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर लटकी, तिसऱ्याला शस्त्रक्रिया नाही पण मोजून कमी अन्न.

२००४ साली फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे फ्रान्चेस्को रुबिनो आणि जाक मारेस्को यांनी जो उंदीर निवडला, तो लठ्ठ नव्हताच. जपानात गोटो आणि काकिझाकी यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जोपासलेली ती जात. अंगाने सडपातळ, पण मधुमेही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळताच या उंदरांची साखर सुधारली, आणि वजनात मात्र लटक्या शस्त्रक्रियेच्या उंदरांपेक्षा फरक नव्हता. २००६ साली रुबिनो आणखी पुढे गेले. काही उंदरांच्या जठराला पुढचे आतडे जोडले, पण जुनी वाटही उघडी ठेवली, सुधारणा नाही. मग त्यांची जुनी वाट बंद केली, सुधारणा झाली. ज्यांची वाट आधीच बंद होती त्यांची पुन्हा उघडली. साखर पुन्हा बिघडली. कसलेल्या वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा हा प्रयोग. वाचताना मी मनापासून दाद दिली.

आता गंमत पाहा. अमेरिकेत सिनसिनाटी येथे रँडी सीली यांच्या गटाने २०११ साली दोन्ही तंत्रे उंदरांवर शेजारी शेजारी ठेवली. स्लीव्हमध्ये आतडे जागच्या जागी, तरी साखरेतली सुधारणा बायपासच्या तोडीची! म्हणजे आतड्याची पहिली वाट बंद करणे हेच एकमेव कारण, असे म्हणायची सोय उरली नाही. त्याच गटाने २०१० साली दुसरी एक गोष्ट दाखवली होती. स्लीव्ह झालेल्या उंदरांना अन्न तोडून त्यांचे वजन आणखी उतरवले, मग मोकळे खाऊ दिले. ते खात खात शस्त्रक्रियेनंतरच्या वजनाला परत आले आणि तिथेच थांबले. 'जठरात जागा नाही म्हणून माणूस कमी खातो' असे शिबिरात फुगा पिळून दाखवतात ना, ते चित्र अपुरे असल्याची साक्ष या उंदरांनीच दिली आहे. पुढे २०१४ साली याच गटाने, पित्ताम्लांची खूण ओळखणारा एक ग्राहक नसलेल्या माऊस जातीच्या लहान उंदरांवर स्लीव्ह केली, तर वजनातली घट टिकली नाही. म्हणजे पोट लहान करण्याच्या या शस्त्रक्रियेत पित्ताचाही हात आहे.

एवढी सुंदर माहिती, आणि पत्रकात तिचे काय होते? 'सिद्ध'.

आमच्या प्रयोगशाळेत नवी मुले उंदराचे यकृत उलटेपालटे करून पित्ताशय शोधत बसत आणि मी त्यांना शोधू देत असे. रॅट जातीच्या उंदराला पित्ताशय नसतेच, माऊसला असते. रॅटच्या जठराचा पुढचा भाग पाचकरस स्रवत नाही, तसा भाग माणसाच्या जठरात नाही. आणि उंदराला ओकता येत नाही. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. २०१८ च्या जानेवारीत स्वित्झर्लंड आणि फिनलंड येथील दोन चाचण्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकीत २१७ माणसे, दुसरीत २४०. वजनातला फरक बेताचा, बायपासकडे थोडा झुकलेला. पण स्विस चाचणीत, ज्यांना आधीपासून आंबट वर येण्याचा, जळजळीचा त्रास होता, त्यांच्यापैकी स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्क्यांचा तो वाढला, बायपासनंतर सुमारे ६ टक्क्यांचा. दोन तंत्रांतून एक निवडताना रोग्याला उपयोगी पडेल असा हा फरक. तो सांगायला माणूसच लागला. छातीत जळजळते असे उंदीर काय सांगणार?

काळाचेही तसेच. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांच्या लहान आतड्याचे वेगवेगळे भाग वगळून पाहिले. शेवटचा भाग गेला की चरबी शोषली जात नाही आणि वजन घटते, असे दिसले. त्या वाटेने पुढे माणसांचे आतडे वगळणे सुरू झाले. एका प्रसिद्ध पद्धतीत पंधरावीस फुटांच्या आतड्यातले सुरुवातीचे १४ इंच आणि शेवटचे ४ इंच एवढेच कामात ठेवत. वजने झरझर उतरली. मग काही वर्षांत मूतखडे झाले, सांधे धरले, काहींची यकृते निकामी झाली. १९८० च्या सुमारास ती शस्त्रक्रिया मागे पडली. कुत्रा खोटे बोलला नव्हता. आतड्याचा कोणता भाग काय करतो, हे त्याला विचारले होते आणि त्याने सांगितले. माणूस पुढची वीस वर्षे कशी काढील, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

'उंदीर म्हणजे माणूस नव्हे' म्हणून सगळेच उडवून लावणारेही आपल्यात आहेत. त्यांच्याशी माझे फारसे जमत नाही. रुबिनोंच्या उंदरांनी जे सांगितले ते माणसांकडून कळायला किती काळ लागला असता कोण जाणे. शिवाय ज्या मुक्या जिवाचे पोट आपण फाडले, त्याने दिलेले उत्तर नीट ऐकून घेणे एवढे तरी ऋण लागतेच.

हे सारे आज का लिहायचे? कारण उंबरठा खाली आला आहे. २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी देहभार निर्देशांक २७.५ च्या पुढे ही शस्त्रक्रिया देऊ करावी असे सुचवले. पाच फूट दोन इंच उंचीच्या, सत्तर किलो वजनाच्या बाईचा निर्देशांक २८ येतो. आपल्या घरच्या हळदीकुंकवाला जमलेल्यांत अशा किती जणी असतात ते मोजा. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत बायकाच जास्त. आणि या विषयातले पुष्कळसे प्रयोग मात्र नर उंदरांवर झालेले. लोह, कॅल्शियम, ब१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर लागतात. प्रयोगातला उंदीर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतो, आपल्या मावशीला आणखी तीस वर्षे काढायची आहेत. दर वर्षी रक्त कुठे तपासायचे? जळजळ वाढली तर दुसरी शस्त्रक्रिया लागेल का, तिचे पैसे कोण देणार? लेकीला शस्त्रक्रियेनंतर लगेच दिवस गेले तर? या प्रश्नांची उत्तरे मावशीला वाचता येईल अशा अक्षरांत हवीत. मी पाहिलेले संमतिपत्र चार पानी इंग्रजी होते आणि जावईबापू शेवटच्या पानावर बोट ठेवून 'इथं सही करा, आत्या' म्हणत होते. शिबिर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते.