जुनी दुनळी घेताना



बियाणे, खते आणि फवारणीचे प्रश्न विचारून झाले की अलीकडे गावातली तरुण मुले हळूच आणखी एक प्रश्न काढतात. "साहेब, जुनी बारा बोअर स्वस्तात मिळतेय. तबकडीच्या नेमबाजीला चालेल का?" बंदूक हा काही माझ्या खात्याचा विषय नव्हे. पण प्रश्न घराघरात पोचला आहे आणि त्यात डोळे, बोटे, क्वचित जीवही गुंतलेला आहे. म्हणून आज त्याविषयी लिहितो.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ते रायफलीचे. तबकडीचा खेळ वेगळा. डांबरासारखा चिकट पदार्थ आणि चुनखडीची भुकटी यांची, ११० मिलिमीटर रुंद व सुमारे १०५ ग्रॅम वजनाची तबकडी यंत्राने हवेत भिरकावतात आणि छर्ऱ्याच्या बंदुकीने ती उडतानाच फोडायची. पूर्वी जिवंत कबुतरे सोडत. पुढे १८८० च्या सुमारास अमेरिकेत मातीची तबकडी निघाली आणि पाखरांचा जीव वाचला. आपल्याकडे बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ साली जागतिक स्पर्धेत आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये या खेळात रौप्यपदक मिळवले. तेव्हा हौस वाईट नाही. पण हौसेपोटी वाटेल ती बंदूक घरात आणणे वाईट.

आधी कागद, मग बंदूक

बैल बाजारातून दाव्याला बांधून आणता येतो, बंदूक नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना, मग खरेदी. विकणाऱ्याने आपला विकण्याचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. "पैसे द्या, बंदूक न्या, कागद मागाहून करू" असे कुणी म्हणाले तर तिथून उठावे, चहासुद्धा घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.

आजोबांची बंदूक माळ्यावर आहे म्हणून ती आपोआप नातवाची होत नाही. परवानाधारक वारले की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. परवान्यात कारण काय लिहिले आहे तेही वाचावे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे खेळाच्या मैदानावर न्यायची मुभा, असे धरून चालू नये, कचेरीत विचारून घ्यावे. आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुकरावर बार काढायची परवानगी, असेही नाही. त्यासाठी वनखात्याचा लेखी हुकूम लागतो.

नळीची पारख

आपण बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. बंदुकीचेही तसेच. दस्त्यावरची चकाकी आणि विलायती नाव पाहून भुलू नये. परदेशी बंदुकांची सरसकट आयात १९८० च्या दशकातच थांबली. त्यामुळे जुन्या विलायती दुनळ्या हातोहाती फिरत राहिल्या आणि नावाचे पैसे मोजले जाऊ लागले. नाव कितीही मोठे असो, गंजलेली नळी ती गंजलेलीच.

प्रथम बंदूक मोडून, म्हणजे उघडून, ती रिकामी असल्याची खात्री करावी. मग नळ्या काढून उजेडाकडे धराव्यात आणि आतून पाहावे. आतला पृष्ठभाग आरशासारखा दिसला पाहिजे. मध्येच काळसर कडे दिसले तर तिथे नळी फुगलेली आहे असे समजावे. खोल खड्डे दिसले तर तो गंज. नळ्या आकड्याला बोटाने लोंबकळत धरून लाकडी काडीने हलकेच टकटक करावे. घंटेसारखा नाद आला तर सांधे बरे आहेत, मडक्यासारखा बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. दुनळीच्या तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या असाव्यात. मध्ये फट असून ती कथलाने भरलेली असेल तर नळी कुणीतरी कापली आहे.

नळीच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पिळाची नक्षी दिसली तर विशेष सावध व्हावे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेल्या या जुन्या नळ्या. त्यांतल्या बहुतेक काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. आजच्या बिनधुराच्या दारूचा जोर त्यांना सोसेलच असे नाही. शंभर वर्षे फुटली नाही म्हणजे उद्या फुटणार नाही, हा हिशेब खोटा आहे. अशी बंदूक भिंतीची शोभा म्हणून छान, खांद्याला लावण्यासाठी नाही.

काडतुसाचे घर

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथे. बारा बोअर म्हटले की सगळी काडतुसे सारखी, असे लोक समजतात. जुन्या विलायती बंदुकांचे काडतुसाचे घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची बरीच काडतुसे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची. गंमत अशी की लांबी मोजतात ती बार झाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची. मिटलेले काडतूस त्याहून आखूड असते, म्हणून ७० चे काडतूस ६५ च्या घरात आरामात बसते. बार होतो तेव्हा त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उलगडते, वाट आवळली जाते आणि नळीतला दाब वाढतो. तेव्हा घराची लांबी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून मोजून घ्यावी, नळीची जाडीही त्याच्या मापाने तपासावी. चाचणीचे शिक्के त्यालाच वाचायला सांगावेत. ही मजुरी वाचवू नये.

आणखी एक गोष्ट. बारा आणि वीस बोअरची काडतुसे कधीही एका खिशात ठेवू नका. विसाचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. मागून पाहिले तर नळी रिकामी वाटते. माणूस बाराचे भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. नळीच्या तोंडात चिखल किंवा चिंधी राहिली तरी तोच धोका.

खटका आणि बेतशीरपणा

बंदूक मिटवून हलवावी. खडखड वाजली, किंवा नळी आणि मागचा भाग यांच्यामध्ये उजेड दिसला, तर सांधा झिजलेला आहे. वरची किल्ली बंद असताना मध्यरेषेच्या डावीकडे गेली असेल तर तेही झिजल्याचे लक्षण. खोटी काडतुसे घालून दोन्ही चाप पाहावेत. रिकाम्या बंदुकीचा दस्ता तळहाताने ठोकल्यावर घोडा पडत असेल, तर ती बंदूक हातात घेऊ नये. दस्त्याची मूठ तडकलेली नाही ना, तेही पाहावे.

तबकडीच्या सरावाला हलकी बंदूक खांद्याला धक्का फार देते. वजनाला थोडी भारी, आणि गालाला लावली की डोळा सरळ पट्टीवर येईल अशी बंदूक बरी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २४ ग्रॅम छर्ऱ्यांपेक्षा जास्त भाराचे काडतूस चालत नाही, मग सरावाला जड काडतूस कशाला? खरे सांगायचे तर पहिले सहा महिने बंदूक घेऊच नका. रायफल क्लबचे सभासद व्हा, प्रशिक्षकाच्या नजरेखाली क्लबच्या बंदुकीवर हात बसवा. नेम जमतो की नाही, गोडी टिकते की नाही, हे कळल्यावर पैसे घाला.

सराव शिवारात करू नये. बारीक छर्रेसुद्धा २०० मीटरपर्यंत जातात आणि ओढ्यापलीकडे कोण खुरपते आहे ते आपल्याला दिसत नाही. शिवाय छर्रे शिशाचे. हजार काडतुसांमागे २४ किलो शिसे आपल्याच जमिनीत पडेल आणि चरणाऱ्या जनावरांच्या पोटात जाईल. मान्यताप्राप्त मैदान हीच या खेळाची जागा.

घरात ठेवताना

बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ल्या परवानाधारकाच्या कमरेला. लग्नात, मिरवणुकीत बार काढणे हा पराक्रम नव्हे, गुन्हा आहे. मायबहिणींना एक सांगणे आहे. घरात कुणी कर्जाने, नापिकीने किंवा भांडणाने खचलेले दिसले, दारूच्या आहारी गेलेले असले, तर संकोच न करता बंदूक काही दिवस विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करायला लावा. कायद्याने तशी सोय आहे. वाईट वेळ निघून जाते, फक्त त्या वेळी हाताशी बंदूक असता कामा नये.

जुनी बंदूक घेणे वाईट नाही. साध्या नावाची, पण सरळ नळीची, घट्ट सांध्याची आणि चोख कागदांची बंदूक शिकाऊ माणसाला कितीतरी वर्षे पुरते. मात्र कारागिराने तपासल्याशिवाय विसार देऊ नका. चार पैसे वाचले आणि डोळा गेला, तर तो सौदा महागच म्हणायचा.