हा कसला विनोद?

२०१६ साली 'कॉमेडी नाइट्स बचाओ'मध्ये पुण्यात जन्मलेल्या अभिनेत्री तनिष्ठा चटर्जी यांच्या सावळ्या रंगाची थट्टा झाली. त्या चित्रीकरण सोडून गेल्या. वाहिनीने माफी मागितली. तरी २०२१ मध्ये 'डान्स दीवाने'त आसामच्या चिमुरडीची ओळख खोट्या चिनी बोलीत करून दिली गेली. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी निषेध केला.

हिंदी मालिकेतली मोलकरीण हमखास मराठी दाखवतात, तेव्हा आपल्याला चीड येते. मग दुसऱ्याच्या रंगावर, नाकाडोळ्यांवर हसू कसे येते? गायकवाडांच्या काळी आपले पूर्वज बडोद्यात आले, तेव्हा बोली-पेहरावाने तेही निराळेच होते. गोत्रीतल्या घराघरांत मुले टीव्हीबरोबर आपले हसणेही पाहतात. असा 'विनोद' लागला तर टीव्ही बंद करावा, कारण मुलांना सांगावे आणि वाहिनीला निषेधाचे पत्र धाडावे, असे आम्हांस वाटते.