शाळेच्या नेटवर्कला दार हवे, पण कसले?

आपल्या शाळेच्या वाय-फायचा पासवर्ड कार्यालयापासून कॅन्टीनपर्यंत सर्वांना पाठ आहे. गुणपत्रकांचा आणि फीचा संगणकही त्याच नेटवर्कवर आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. कोणी, कोणत्या यंत्राने, कुठवर आत यावे हे ठरवणारी यंत्रणा घेण्याचा विचार विश्वस्त मंडळ करीत आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र कोटेशने उघडण्यापूर्वी थोडे बोलणे आवश्यक वाटते.

प्रत्येक फोनचा मॅक पत्ता नोंदवून तेवढ्यांनाच प्रवेश द्यावा, अशी एक सूचना आहे. ती स्वस्त दिसते, पण टिकणारी नाही. हा पत्ता सहज बदलता येतो. शिवाय अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोनच प्रत्येक वाय-फायला आपणहून निराळा पत्ता सांगतात. कारकुनांची वही तेवढी भरेल!

आमच्या मते प्रत्येकाला स्वतःचे नाव व पासवर्ड असावा. त्यासाठीचे ८०२.१एक्स हे मानक २००१ पासून आहे. नाव तपासणारा रेडियस सर्व्हर शिक्षकांना एका कप्प्यात, विद्यार्थ्यांना दुसऱ्या आणि स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना केवळ इंटरनेटपुरत्या तिसऱ्या कप्प्यात पाठवू शकतो. एखादे शिक्षक शाळा सोडून गेले, तर त्यांचे नाव काढले की झाले. जुन्या प्रिंटरना व कॅमेऱ्यांना बहुधा असे नाव सांगता येत नाही. तिथे मॅक पत्त्यावरच भागवावे लागते, म्हणून त्यांचा कप्पा वेगळा असावा आणि तिथून कार्यालयाच्या संगणकाकडे वाट नसावी.

सिस्कोचे आयएसई किंवा अरुबाचे क्लिअरपास ही साधने भक्कम आहेत, परंतु त्यांचे परवाने जोडलेल्या यंत्रांच्या संख्येवर मोजतात. दोन-अडीच खोल्यांच्या संगणक कक्षासाठी एवढा थाट आम्हाला पटत नाही. पॅकेटफेन्स मुक्त-स्रोत आहे, त्याला परवाना शुल्क नाही. पण ते सांभाळणारा जाणकार माणूस हवा आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात धरावे लागेल. आपले सध्याचे स्विच ८०२.१एक्स जाणतात का, हे आधी तपासावे. जाणत नसतील, तर खर्चाचा आकडाच बदलतो.

विक्रेत्याकडून दोन उत्तरे लेखी घ्यावीत. ऐन परीक्षेच्या दिवशी सर्व्हर बंद पडला तर कार्यालयाचे काम कसे चालेल? आणि कोणता विद्यार्थी केव्हा जोडला गेला याच्या नोंदी किती दिवस राहतील, त्या कोण पाहील? दुसरा प्रश्न पालकांनीही पालकसभेत विचारावा.