गृहव्यवस्था : माडीची सागवानी जमीन

दगडी फरशीला जें मानवतें तें लांकडाला मानवत नाहीं, ही साधी गोष्ट आपल्यासारख्या पाण्यावर भिस्त ठेवणाऱ्या घरांत फार उशिरां ध्यानीं येते. जुन्या वाड्यांत तळमजल्याला फरशी व माडीला तुळयांवर जडविलेल्या सागवानी फळ्या, अशी रचना पुष्कळ ठिकाणीं आढळते. खालची ओसरी धुऊन झाली कीं तीच बादली व तेंच फडकें जिना चढून वर जातें. वरून फळी वाळलेली दिसते. परंतु सांध्यांतून उतरलेलें पाणी खालच्या अंगास राहून जातें. मग तें अंग फुगतें, फळीच्या कडा उचलतात आणि मध्यें पन्हळ पडते. अशा वेळीं सुतारास बोलावून लगेच रंधा मारविणें म्हणजे नुकसान विकत घेणेंच होय. ओल गेली कीं फळी बहुधा आपण होऊनच पूर्ववत् बसते. तत्पूर्वीं कडा तासल्या गेल्या असतील तर पुढें तिच्या मध्यावर उंचवटा राहतो, आणि गेलेली जाडी तर परत मिळत नाहींच.

घरांतील वडील मंडळी विचारतील, “मग शुद्धीचें काय?” त्यांच्यासाठीं आधार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या द्रव्यशुद्धिप्रकरणांत लांकडी वस्तूंना सांगितलेली शुद्धि ‘तक्षण’, म्हणजे तासणें, ही आहे. घडाभर पाणी ओतणें नव्हे. आतां रोज उठून जमीन तासा असें कोणी म्हणणार नाहीं! परंतु घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसलेल्या जमिनीवर पूजेचें आसन मांडण्यास सोंवळ्याची हरकत नसावी, असें माझें मत आहे. फडकें असें पिळावें कीं पुसल्यावर जमीन एकदोन मिनिटांत वाळली पाहिजे. सोडा व धुण्याचा साबण वर्ज्य. पुसण्यापूर्वीं मऊ कुंच्यानें फळीच्या रेषेनें केर काढावा. कारण पायांबरोबर आलेली रेती ही कांचकागदाचेंच काम करते. पलंगाच्या पायांखालीं जाड कापडाच्या घड्या ठेवाव्या, आणि पाण्याचें पिंप माडीवर नकोच.

लांकूड हवेंतील ओलाव्यानुसार रुंदीच्या अंगानें फुगतें व आकसतें. लांबीच्या अंगानें हा फरक जवळजवळ नसतोच. म्हणून वैशाखांत ज्या फटींत नाणें मावतें त्याच आषाढांत मिटून जातात. उन्हाळ्यांत त्या भुसा व सरस कालवून ठासून भरल्या, तर पावसाळ्यांत फळ्यांना फुगण्यास जागा उरत नाहीं व त्या एकमेकींस रेटून वर येतात.

नव्या सदनिकांतील ‘लॅमिनेट’ची गोष्ट निराळी. तो लांकडाचें चित्र छापलेला कागद. खालीं लांकडाचा भुगा दाबून केलेली फळी. तिला रंधाही नाहीं आणि तेलही नाहीं.

हल्ली एकत्र कुटुंबांत वादाचा एक विषय असा कीं, तरुण मंडळींना माडीच्या फळ्यांवरच फरशी बसवावयाची असते. रोजचें धुणें सोपें होईल, हा त्यांचा मुद्दा खोटा नाहीं. परंतु दोन इंच माल व वर फरशी, एवढ्याचें वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भरतें, आणि तें ज्या तुळयांवर पडावयाचें त्यांचीं टोंकें पिढ्यान्पिढ्या भिंतींत गाडलेलीं असतात. ओल तेथेंच प्रथम मुरते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं, पण सालीलगतच्या फिकट भागाला लागते, आणि तुळई सागाचीच आहे हें तरी कोणी पाहिलें आहे? आरी टोंचून पाहावी. ती लोण्यांत शिरावी तशी शिरली, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर फरशीचा विचार सोडून आधीं जाणत्या स्थापत्यविशारदास आणावें. खालच्या खोलीत आजोबा निजतात, हें या वादांत कोणी बोलून दाखवीत नाहीं.

आतां तेलाविषयीं. जमिनीवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर पॉलिश शाबूत आहे, तेल लावूं नये. लांकूड काळवंडून थेंब जिरला तर तेलाची वेळ झाली. खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल वाळत नाहीं. जमीन चिकट होऊन धूळ धरते. अळशीचें, तेंही ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणारें, तेल पातळ हातानें चोळून अर्ध्या तासानें उरलेलें पुसून घ्यावें.

हें पुसलेलें फडकें मात्र बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नये. अळशीचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून वाळतें, त्यांत उष्णता उत्पन्न होते, आणि बोळ्यांत ती कोंडून काडी न ओढतां फडकें पेट घेऊं शकतें. लांकडी घराला आगीचें भय केवढें, तें पुणेकरांस सांगावयास नको. १८२८ सालच्या आगींत शनिवारवाड्याचे लांकडी मजले भस्मसात् झाले. म्हणून तीं फडकीं अंगणांत एकेक पसरून वाळवावीं, अथवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत बुडवून ठेवावीं.

हें काम दिवाळीनंतर, हवा कोरडी पण उन्हाळा दूर असतांना काढावें, आणि एका वेळीं एकच खोली घ्यावी. नाहीं तर वास व ओलें तेल चुकवीत सारें कुटुंब दोन रात्री जिन्याच्या पायऱ्यांवर बसून काढील.