वाट आणि वहिवाट

‘रस्ता’ आणि ‘वाट’ हे शब्द शाळेत समानार्थी म्हणून शिकवले जातात. वापरात ते तसे नाहीत. रस्ता बांधावा लागतो, वाट पडते. रस्त्याला अंदाजपत्रक असते, कंत्राटदार असतो, उद्घाटनाची कोनशिला असते. वाटेला फक्त चालणारे असतात, आणि ते चालायचे थांबले की दोन पावसाळ्यांत ती पुसली जाते. जमिनीच्या कज्ज्यांत ‘वहिवाट’ हा शब्द इतक्या आग्रहाने येतो. त्यात ‘वाट’ ऐकू येते हा योगायोग असेल-नसेल, पण त्या शब्दामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो: काही गोष्टींवरचा हक्क वापरानेच टिकतो.

हे सुचण्याचे निमित्त सायकलचे आहे. गेल्या दशक-दीड दशकात युरोप-अमेरिकेत डांबरी रस्ता सोडून खडी-मुरुमाच्या आडवाटांनी सायकल चालवण्याची मोठी लाट आली. रुंद टायरांच्या सायकली घेऊन लोक फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून, जुनी चर्चे, किल्ले, द्राक्षमळे ओलांडत दिवसेंदिवस हिंडतात. यातले बरेचसे हौसेचे आणि बाजाराचे आहे हे मान्यच. पण त्याच्या मुळाशी एक गंभीर जाणीवही आहे. इटलीतील तोस्काना प्रांतात 1997 साली ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली, ती तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडून ते नाहीसे होऊ नयेत या हेतूने. लगेच पुढच्या वर्षी, 1998 मध्ये, युनेस्कोने फ्रान्समधील सांतियागो यात्रामार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीत चर्चे, पूल, रुग्णालये यांच्याबरोबर ल पुई या गावाहून निघणाऱ्या वाटेचे सात तुकडेही आहेत. म्हणजे यात्रेकरू जिथे पोचतात ते स्थळ जसे वारसा, तशी ज्यावरून ते पोचतात ती मातीही वारसा.

आपण इथवर आलेलो नाही. हिंगोली जिल्ह्याचेच पाहा. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग, आणि परंपरेनुसार विसोबा खेचरांशी नामदेवांची गुरुभेट झाली ते ठिकाण. कीर्तनासाठी नामदेवांना देवळाच्या मागे जावे लागले तेव्हा देऊळच फिरले, ही आख्यायिका इथे पोरासोरांनाही ठाऊक असते. ज्या संताची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि ज्याच्या नावाने 2015 साली पंजाबातील घुमान येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या जन्माचे आणि ज्ञानाचे ठिकाण एका जिल्ह्यात, सायकलने एका दिवसात आटोपेल इतक्या अंतरात आहे. दोन्ही टोकांना आपण कमानी उभारल्या आहेत. मधल्या वाटेबद्दल मात्र कुणी काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

ती वाट मी एका डिसेंबरात साध्या सायकलने केली. मोठा रस्ता टाळून, विचारत विचारत, शिवेशिवेने आणि पांदणींनी. सोयाबीन निघून गेलेले, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, हळदीची पाने पिवळी पडू लागलेली. सखल भागात काळी जमीन, आणि औंढ्याकडे चढ लागला की पायाखाली मुरूम. मोटारीतून हा फरक कळत नाही. सायकलवर तो गुडघ्यांना कळतो. शिव कुठे बदलली, ओढा कुठल्या अंगाने वाहतो, गावाने देऊळ उंचावर आणि पाणवठा खाली का ठेवला, हे सारे दर तासाला दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने वाचता येते. त्याहून जास्त वेगाने केवळ पाट्या वाचता येतात.

मराठी गद्याला हे वाचन नवे नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामींच्या मुक्कामांच्या जागा गावागणिक नोंदवलेल्या आहेत: कुठले देऊळ, कुठल्या दिशेला दार, तिथून कुठे किती अंतरावर काय. आपल्या भाषेच्या अगदी आरंभकाळातले हे पुस्तक, आणि त्याचा विषय म्हणजे चाललेली भूमी. आपण ते अभ्यासक्रमात पंथीय वाङ्मय म्हणून शिकवतो. पायी फिरून जमिनीची नोंद करण्याची एक पद्धत म्हणून क्वचितच.

मात्र शांत वाटांचे कौतुक करताना त्यांचा इतिहास गोड करून सांगू नये. हिंगोली ही निजामाच्या फौजेची छावणी होती. निजामाच्या नोकरीत राहिलेल्या फिलिप मेडोज टेलरने 1839 साली आपली ठगांवरची कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतल्या हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकिकत आहे. हा प्रतिष्ठित माणूस. खुद्द टेलरचा त्याच्याशी व्यवहार. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. तसाच माल घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह वाटेत मारले, आणि तेच कापड परवान्याच्या आधारे छावणीत आणून उघडपणे विकले. हा माणूस ठगांचा म्होरक्या होता हे पुढे उघड झाले. एखादी वाट शांत आहे एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही. ज्या शांततेत हाक मारली तर कुणी ऐकत नाही, ती आणि ज्या शांततेत पाखरू ऐकू येते ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला वाटते, आजच्या प्रश्नाची किल्ली याच भेदात आहे. औंढ्याजवळच्याच शिवारात, दुधाळ्याच्या परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतील अंतर प्रोटॉनच्या व्यासाहूनही कमी बदलले तरी ते या यंत्राला कळायला हवे. त्यामुळे दूरच्या मालमोटारींनी हलणारी जमीनही त्याला नकोशी असते. ही जागा निवडताना इथली जमीन किती स्थिर आहे, हे मोजून पाहिले गेले. ज्या निवांतपणाला आपण आजवर मागासलेपण म्हणत आलो, त्याची किंमत एका शास्त्राने प्रथमच आकड्यांत मांडली. यंत्रासाठी ज्याची कदर झाली, त्याची माणसांसाठी कदर होऊ नये, हे मला पटत नाही.

यावर एक आक्षेप उघड आहे आणि तो मला वाटेतच ऐकावा लागला. एका पांदणीत चाकाला चिकटलेली काळी माती काडीने काढत उभा असताना शेजारच्या शेतातले गृहस्थ म्हणाले, “तुम्ही हौसेनं आलात, सर. आम्हाला हे रोजचंच हाय.” त्यांचे खरे होते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर काळ्या रानातून बैलगाडीही निघत नाही. हळदीची पोती बाजाराला, बाळंतीण दवाखान्यात आणि पोरे शाळेत पोचवायची तर पक्का रस्ता ही चैन नसते. शहरातल्या हौशी माणसाने मातीच्या वाटेचे गोडवे गावेत आणि गावाने चिखल तुडवावा, अशी वाटणी कुणी सुचवत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही.

परंतु पर्याय डांबर किंवा चिखल असा दोनच नाही. चर काढून पाणी बाजूला काढलेली, मुरूम दाबून घातलेली पांदण बाराही महिने चालते, आणि गावच्या माणसांना ती दुरुस्तही करता येते. डांबर दरवेळी कंत्राटाची वाट पाहते. शिवाय मोठ्या रस्त्याने सगळ्यांचीच सोय होते असेही नाही. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्गाने ट्रकची सोय केली. त्याच्या कडेने सायकल चालवून पाहावी म्हणजे ती कुणाच्या जिवावर झाली हे कळते. मानव विकास कार्यक्रमातून या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. आडवाटेच्या खऱ्या सायकलस्वार त्याच आहेत. विदेशी टायरांचे आम्ही पाहुणे. म्हणून माझी कसोटी साधी आहे: आठवीतली मुलगी ज्या वाटेने एकटी, न घाबरता, चाक न रुतता शाळेत जाऊन येते, ती वाट चांगली. ती तिच्यासाठी चांगली असेल तर यात्रेकरूसाठीही असेल आणि फ्रान्सहून आलेल्या प्रवाशासाठीही.

अशा वाटा आज दोन्ही बाजूंनी आक्रसत आहेत. काहींवर डांबर येते, पण त्याहून अधिक वाटा बांध सरकत सरकत शेतात जिरतात. गावनकाशावर तुटक रेषेने दाखवलेली वाट जागेवर सापडत नाही, मग भाऊबंदकीचे दावे उभे राहतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 143 नुसार शेताच्या हद्दीवरून वाट मागता येते आणि तहसीलदार चौकशी करून निर्णय देतो. त्या चौकशीत शेतकऱ्याची आपल्या शेतात पोचण्याची वाजवी गरज पाहिली जाते; पूर्वापार वाट अडवल्याच्या दाव्यात मात्र वहिवाट काय होती हाच मुख्य प्रश्न असतो. साक्षीदार म्हातारे होत आहेत. ते गेल्यावर साक्ष कोण देणार?

इथे साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक काही करू शकतात, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या तालुक्याची आजची स्थानपोथी लिहायला घ्यावी. सायकली विद्यार्थ्यांकडे आहेतच. कुठली पांदण कुठून कुठे जाते, तिला गावात काय म्हणतात, ओढ्याचे नाव काय, दिंडी कुठे विसावते, वाट कधी बंद झाली आणि कुणाला तिचा कोणता उपयोग आठवतो, एवढेच लिहावे. सोबत गावनकाशाची प्रत जोडावी. यातून बोलीतील शब्द जपले जातील हा एक लाभ. दुसरा असा की, ज्या वाटेची लेखी नोंद आहे आणि जिच्यावरून दरवर्षी पन्नास मुले-मुली सायकलने जातात, ती वाट गिळणे कुणालाही सोपे जात नाही.

नर्सी ते औंढा या वाटेपासून सुरुवात करता येईल. तुरी भरायला लागल्या की निघावे; तोवर पांदणी वाळलेल्या असतात.