हॉटस्पॉट आपला, अकाउंट आईचं!

'हॉटस्पॉट ऑन कर ना यार!' ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दिवसातून दहादा ऐकू येणारं वाक्य. आपणही दिलदार, लगेच देतो. बिनधास्त द्या मंडळी! फक्त पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर किंवा १२३४५६७८ ठेवू नका. किमान ८ अक्षरं लागतातच, मग जरा डोकं चालवा. आणि काम झालं की बंद करा.

पण नेट उसनं देता येतं, अकाउंट नाही. खरी गडबड होते ती घरी. आईला नवा फोन येतो. आपण आपल्या हॉटस्पॉटवर पाच मिनिटांत तिचं जीमेल उघडून देतो आणि रिकव्हरीच्या रकान्यात सवयीनं आपलाच नंबर टाकतो. पुढे कधीतरी ती पासवर्ड विसरते, कोड येतो आपल्या फोनवर आणि साहेब मीटिंगमध्ये! त्यात नंबर कंपनीचा असेल, तर नोकरी सोडताना सिमही परत करावं लागतं. भारतात बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणजे आईच्या अकाउंटची किल्ली परक्याच्या खिशात!

तेव्हा नंबर तिचाच टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन तिच्याच हातानं सुरू करू द्या. त्यानंतर गुगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते तिला डायरीत उतरवून कपाटात ठेवायला सांगा. पासवर्डही तिलाच ठरवू दे. आणि ती टाइप करत असताना तुम्ही जरा खिडकीबाहेर बघा की राव!