नवरा नसलेली तपास अधिकारी

ऑक्टोबर 2025 मध्ये जिओहॉटस्टारवर 'सर्च : द नैना मर्डर केस' ही मालिका आली. एका तरुण मुलीचा खून होतो आणि बदलीवर निघालेली एसीपी संयुक्ता दास त्या तपासात अडकते. कोंकणा सेन शर्माने ती भूमिका केली आहे, नवी मुंबईची पार्श्वभूमी आहे. गोष्ट मूळची डेन्मार्कची. 2007 साली तिथे 'फोरब्रीडेल्सन' नावाने ती गाजली, 2011 मध्ये अमेरिकेत तिचीच 'द किलिंग' झाली. डॅनिश मालिकेतली सारा लुंड घटस्फोटित आहे, मुलगा मार्कला घेऊन आपल्या आईकडे राहते. अमेरिकेतली सारा लिंडेनही मुलाला एकटीच वाढवते. कोपनहेगनमध्ये आणि सिअ‍ॅटलमध्ये या बाईला नवरा नव्हता. नवी मुंबईत पोचेपर्यंत तिला नवरा मिळाला. संसार ताणलेला दाखवलाय, पण नवरा आहे.

मला हा बदल फार खटकला. यवतमाळ जिल्हा पोलीस दलातून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मुलगी दोन वर्षांची असताना आमची फारकत झाली. पळसवाडी कॅम्पातल्या पोलीस वसाहतीत आई, मी आणि मुलगी अशा तिघींनी दिवस काढले. पडद्यावर कोणी तपास करणारी बाई आली की मी ती मालिका शेवटपर्यंत पाहते. 1989 मध्ये दूरदर्शनवर 'उडान' लागायची, तेव्हापासूनची ही सवय. कविता चौधरी यांनी ती मालिका स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीची भूमिकाही केली. त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. शेजारच्या घरी ती मालिका पाहूनच मी भरतीचा अर्ज भरला होता.

तेव्हापासून पडद्यावर वर्दीतल्या पुष्कळ बायका आल्या. 'दिल्ली क्राइम'मधली वर्तिका चतुर्वेदी शेफाली शाहने जीव ओतून केली. तिचा नवराही पोलीस अधिकारी आहे. 'अरण्यक'मधली कस्तुरी डोगरा घर सांभाळायला रजा टाकते. 'दहाड'मधल्या अंजली भाटीच्या मागे तिची आई लग्नासाठी लागलेली. आपल्या मराठीत 'देवमाणूस'मध्ये एसीपी दिव्या सिंह होती. यांपैकी कोणी लग्न झालेली, कोणी लग्नाची. लेकरू कडेवर आहे आणि घरात नवरा नाही, अशी तपास अधिकारी मात्र मला यांच्यात कुठेच दिसली नाही.

ठाण्यात ती जागोजागी आहे. मुंबईचं मी सांगत नाही, आमच्या जिल्ह्याचं सांगते. नवरा ड्युटीवर असताना गेला आणि अनुकंपेवर वर्दी अंगावर आली, अशा बायकांबरोबर मी काम केलंय. कवायत मैदानावर त्या रडत पळायच्या, आणि पुढे वणीच्या, पुसदच्या बंदोबस्तात बारा-बारा तास उभ्या राहायच्या. सोडून दिलेल्या होत्या, स्वतः सोडून आलेल्याही होत्या. 2021 मध्ये महिला पोलिसांची ड्युटी आठ तासांची करण्याचा आदेश महासंचालकांनी काढला तेव्हा सर्वांत आधी याच बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण संध्याकाळी सहानंतर लेकराजवळ कोण, हा प्रश्न त्यांच्याकडे रोजचा होता. माझ्याकडे आई होती म्हणून निभावलं. जिच्याकडे आई नव्हती ती रात्रपाळीला लेकरू घेऊन यायची आणि महिला कक्षातल्या बाकावर चादर टाकून त्याला झोपवायची.

परदेशी मालिकांनी या बाईला पडद्यावर आणलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. 'मेअर ऑफ ईस्टटाउन'साठी केट विन्स्लेटला 2021 मध्ये एमी मिळालं. त्यातली तपास अधिकारी मेअर घटस्फोटित आहे, म्हाताऱ्या आईसोबत राहते, गावातल्या एकूण एक घराला ओळखते. ती पाहताना मला आमच्या घाटंजीची, आर्णीची ठाणी आठवली. पण या मालिकाही एका ठिकाणी चुकतात असं मला ठामपणे वाटतं. त्यांच्यात एकटं आईपण ही तपासाला लागलेली कीड असते. सारा खुनाच्या मागे लागते आणि मुलगा दुरावत जातो. जिथे जिथे आई दिसते, तिथे तिथे तिचा अपराधीपणा दिसतो. तो खोटा नाही. मुलीच्या गॅदरिंगला जाता आलं नाही की मलाही रात्री झोप लागायची नाही. पण तेवढंच दाखवलं तर अर्धी गोष्ट राहून जाते. एकटीने लेकरू वाढवलेल्या बाईला तपासात जे दिसतं, ते इतरांना दिसत नाही.

झरी-जामणीकडचा एक प्रसंग सांगते. गाव सांगत नाही, वर्षही नाही. पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. तेलंगणाच्या सीमेला लागून कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. महाराष्ट्रात केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या ज्या तीन जमाती आहेत, त्यांतली कोलाम ही एक. बाहेरून आलेले ठेकेदार, मुकादम, व्यापारी लग्नाचं आमिष दाखवतात, दिवस गेले की निघून जातात. कुमारी मातांचा हा प्रश्न वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतो, विधिमंडळात येतो, आणि मागे पडतो.

अशाच एका पोरीचा जबाब घ्यायला आम्ही गेलो ते साध्या साड्यांमध्ये. 'पोक्सो' कायदा 2012 चा. त्यात स्पष्ट आहे की बालिकेचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हवा तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिलेने घ्यायचा आणि तेव्हा वर्दी घालायची नाही. सोबतच्या उपनिरीक्षक मॅडम हुशार होत्या, नव्या होत्या. अंगणवाडी सेविका कोलामीतून मराठीत सांगत होती. मॅडमनी सगळे प्रश्न बरोबर विचारले. पोरगी बोलेना. तिच्या काकूने मध्येच मला विचारलं, "बाई, तुमचे मालक काय करते?" मी म्हटलं, "मालक नाही. फारकत झाली. एक पोरगी हाये, आईजवळ ठेवून आली." काकूने ते पोरीला कोलामीत सांगितलं. थोड्या वेळाने पोरीने बाळ माझ्या मांडीवर दिलं.

मी तिला माणसाचं नाव विचारलंच नाही. बाळाचं कार्ड मागितलं, लसीकरणाचं, माता-बाल संरक्षण कार्ड. माझ्या मुलीच्या प्रत्येक कागदावर वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी मी थांबले आहे. त्यामुळे हे मला ठाऊक होतं की एकटी बाई तो रकाना कोरा सोडते, पण संपर्काचा रकाना भरते. त्या कार्डावर एक मोबाइल नंबर होता. घरात मोबाइल नव्हता. नर्सबाईंनी गरोदरपणाची पहिली नोंद केली त्या तारखेवरून हेही पक्कं झालं की तेव्हा पोरगी अठराची झाली नव्हती, म्हणजे तिच्या संमतीचा प्रश्नच उरत नाही. त्या नंबरवरून रिचार्जचं दुकान सापडलं, दुकानावरून माणूस सापडला. आदिवासी मुलीवरचा अत्याचार म्हणून अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं आणि नियमाप्रमाणे तपास उपअधीक्षकांकडे गेला. केस डायरीत माझं नाव जबाबाच्या वेळी हजर म्हणून एका ओळीत आहे.

मराठी वाहिन्यांना माझं सांगणं आहे की गुन्हेमालिका इथे आहे. ती लिहायला डेन्मार्कहून हक्क विकत घ्यावे लागत नाहीत. आमच्याकडचा मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, हासुद्धा एक तपासच असतो. शेतकऱ्याने विष घेतलं की पोलीस पंचनामा करतात, जबाब घेतात. मदतीच्या समितीपुढे हे कागद जातात आणि 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. पात्र ठरलं तर त्या शेतकऱ्याच्या बायकोला एक लाख रुपये मिळतात, त्यातले तीस हजार हाती आणि बाकीचे ठेवीत. जबाब घेणाऱ्याने सावकाराबद्दल विचारलंच नाही, तर कर्ज कागदावर येतच नाही. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात 20 हून अधिक माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात पडली. कोणतं औषध कशात मिसळलं, कोणी विकलं, दुकानदाराने काय सांगितलं, अंगावर संरक्षक कपडे का नव्हते, याच्यापेक्षा मोठं रहस्य कोणत्या खुनात असतं?

निर्माते म्हणतील की प्रेक्षकांना घरातलं माणूस हवं, एकटी बाई चालत नाही. मला हे पटत नाही. नेर, दारव्हा, बाभूळगावकडे संध्याकाळी टीव्हीपुढे बसणाऱ्या कितीतरी घरांत कुटुंबप्रमुख बाईच आहे. तिला पडद्यावर स्वतःसारखी बाई कधी दिसलीच नाही, मग ती नको म्हणाली कधी?

मात्र ही मालिका करायची तर वेळेबाबत प्रामाणिक राहावं. पडद्यावर डीएनएचा अहवाल रात्रीत येतो. प्रत्यक्षात नमुने प्रयोगशाळेत जातात, नंबर लागतो, महिने लोटतात. तोवर आरोपी जामिनावर सुटून त्याच रस्त्याने फिरत असतो, पोडावर निरोप पाठवत असतो. पीडितेला मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे पैसे मिळवायला वेगळे हेलपाटे. साक्षीला उभी राहते तेव्हा ती पोरगी बाई झालेली असते आणि बाळ शाळेत जायला लागलेलं असतं. बेड्या पडल्या की हिंदी मालिका संपते. आमची तिथून निम्मी बाकी असते, आणि त्या निम्म्यात तपास करणाऱ्या बाईलाच तारखेच्या आधी पोडावर जाऊन सांगावं लागतं की घाबरू नको, मी येते.

कलाकार कुठून आणायचे, हा प्रश्नही आमच्या भागाने सोडवून ठेवलाय. हरीश इथापे यांनी 'तेरवं' हे नाटक उभं केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींनीच त्यात काम केलं. त्यांतल्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी 11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळात 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर तो मान त्यांच्याकडे आला होता. एकटीने लेकरं वाढवणारी बाई साहित्य संमेलनाच्या मंचावर उभी राहून बोलली आणि महाराष्ट्राने ते ऐकलं. वाहिन्यांनी आता तिला वर्दी द्यावी, ठाण्यात टेबल द्यावं, तिच्या लेकराला संवाद द्यावेत, आणि पहिल्या भागाची सुरुवात मुकुटबन किंवा पाटणच्या ठाण्यातून करावी. जबाब कसा घ्यायचा, हे शिकवायला मी येईन.